आशियाई बाजारांचे आकडे बघून सौदा करताय? या चुका टाळा

सकाळी सव्वानऊला आपला बाजार उघडतो तेव्हा शांघायचा आकडा जागचा हलत नाही. डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडलेला माणूस मोबाइलवर तो बघतो, ‘चीन शांत आहे’ म्हणतो आणि ऑर्डर टाकतो. प्रत्यक्षात तिथे जेवणाची सुट्टी चालू असते. आपल्या घड्याळाने शांघाय-शेनझेन 9 ते 10:30 आणि हाँगकाँग 9:30 ते 10:30 बंद असतं. टोकियोची सुट्टी 8 ते 9. सोल मात्र मध्ये थांबत नाही. आकडा स्थिर दिसला की आधी वेळ बघा.

याहून महागात पडते ती टक्केवारीची सरळ तुलना. 5 ऑगस्ट 2024 रोजी टोकियोचा निर्देशांक निक्केई 12.4 टक्के कोसळला, कोरियाचा कोस्पी 8.8 टक्के आणि सेन्सेक्स साधारण 2.7 टक्के. यावरून ‘आपला बाजार किती भक्कम’ असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे, कारण प्रत्येक बाजाराचे ब्रेक वेगळे. टोकियोत प्रत्येक शेअरला येनमध्ये भावमर्यादा असते, पण निर्देशांक पडला म्हणून शेअरबाजार थांबत नाही. सोलमध्ये 8 टक्क्यांच्या घसरणीवर 20 मिनिटं व्यवहार थांबतात. त्या दिवशी ते थांबलेही. मुंबईत दुपारी एकच्या आत 10 टक्के घसरण झाली तर 45 मिनिटांचा थांबा. तरी 23 मार्च 2020 ला थांबा घेऊनही सेन्सेक्स 13 टक्क्यांहून जास्त पडला, हे विसरू नका. सर्किट, म्हणजे असा थांबा, श्वास घ्यायला वेळ देतं, भाव वाचवत नाही.

चीनमध्ये तर निर्देशांक अर्धीच गोष्ट सांगतो. मेन बोर्डवरच्या, म्हणजे मुख्य यादीतल्या, बहुतेक शेअर्सना दिवसाला 10 टक्क्यांची मर्यादा आहे. 3 फेब्रुवारी 2020 ला, नववर्षाच्या लांबलेल्या सुट्टीनंतर, शांघाय 7.7 टक्के पडलं आणि तीन हजारांहून जास्त शेअर्स खालच्या मर्यादेला अडकले. विकणारे रांगेत, घेणारा कोणी नाही. म्हणजे उरलेली पडझड आकड्यात आलेलीच नव्हती. हाँगकाँगला अशी दैनंदिन मर्यादा नाही, म्हणून चीनच्या बातमीचा खरा परिणाम बघायला मी हाँगकाँग आधी बघतो.

थेट परदेशी खातं उघडणाऱ्यांनी लॉट, म्हणजे एका वेळी किमान किती शेअर्स घ्यावे लागतात, ते तपासावं: टोकियोत 100 शेअर्स, हाँगकाँगमध्ये प्रत्येक कंपनीचा वेगळा. आपल्यासारखा एक शेअर घेता येईल असं धरून पैसे पाठवू नका.

आता सर्वात नेहमीची तक्रार: ‘हँगसेंग वाढला, पण माझा हँगसेंग बीज ईटीएफ तेवढा वाढला नाही.’ हँगसेंग हा हाँगकाँगचा निर्देशांक, आणि हा ईटीएफ म्हणजे त्यातले शेअर्स धरणारा, आपल्या बाजारात शेअरसारखा विकला जाणारा फंड. बहुतेकदा खरेदीच चढ्या भावाने झालेली असते. एरवी ईटीएफचा भाव त्यातल्या शेअर्सच्या मूल्यापेक्षा वर गेला की नवी युनिट्स तयार होतात आणि भाव खाली येतो. पण भारतीय फंडांना परदेशी शेअर्समध्ये गुंतवायला एकूण 7 अब्ज डॉलर्सची मर्यादा आहे, आणि ती भरत आल्यावर 2022 मध्ये अशा योजनांना नवे पैसे घेणं थांबवायला सांगण्यात आलं. पुरवठा अडला की प्रीमियम, म्हणजे मूल्यावरचा हा जादा भाव, टिकून राहतो. तो प्रीमियम उतरला की निर्देशांक वर असूनही तुमचं नुकसान होतं.

म्हणून खरेदीआधी फंडाच्या संकेतस्थळावर आय-एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागच्या शेअर्सचं त्या क्षणाचं अंदाजे मूल्य, बघा आणि भावाशी ताडून पाहा. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकू नका, लिमिटच (तुम्ही ठरवलेल्या भावाची) टाका. वेळ निवडा 10:30 ते 1:30 ची. हाँगकाँग आपल्या दीड वाजता बंद होतं, त्यानंतरचे दोन तास हा ईटीएफ मूळ भावाच्या आधाराशिवाय चालतो. चिनी नववर्षात तर हाँगकाँग बंद आणि दलाल स्ट्रीट चालू, असे सलग काही दिवस येतात. त्या दिवसांत या ईटीएफला हात लावू नका.