हाशिमोटो थायरॉइड: गोळी चालू ठेवून आयुर्वेदाची जोड कशी द्यावी

घरात कुणाला थायरॉइड निघाला की आठवडाभरात सल्ले येऊ लागतात. धण्याचं पाणी अनशापोटी. लिंबू-मध अनशापोटी. चमचाभर साजूक तूप, तेही अनशापोटी. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीसुद्धा अनशापोटीच. पोट एकच आहे. माझ्या पाहण्यात आयुर्वेद आणि थायरॉइडची गोळी यांचं भांडण तत्त्वाचं कमी आणि सकाळच्या या एका तासाचं जास्त असतं. तो तास गोळीला दिला की बाकीचा दिवस आयुर्वेदाला मोकळा मिळतो.

पायरी 1: आपल्याला नक्की काय झालंय ते कागदावर बघा

जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी 1912 साली हा आजार प्रथम नोंदवला, म्हणून त्यांचं नाव. यात आपलीच प्रतिकारशक्ती गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू थकते. रिपोर्टवर तीन आकडे शोधा: टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारा मेंदूकडचा निरोप, ग्रंथी थकली की तो वाढतो), फ्री टी-4 (ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन) आणि अँटी-टीपीओ (ग्रंथीवरच्या हल्ल्याची खूण). टीएसएच साधारण 0.4 ते 4 असावा. तो 10 च्या वर गेला किंवा टी-4 घसरला, तर थायरॉइड हार्मोनची गोळी लागतेच. टीएसएच थोडाच वाढलेला आणि टी-4 ठीक असेल, तर बरेचदा डॉक्टर काही महिने थांबून पुन्हा तपासतात. आहार-विहार सुधारायला ही वेळ सगळ्यात चांगली.

अँटी-टीपीओचा आकडा मात्र डोक्यात घेऊ नका. तो 600 वरून 400 वर आला म्हणून गोळी कमी होत नाही, आणि दर महिन्याला तो मोजायचं काहीच कारण नाही.

पायरी 2: सकाळ लावून घ्या

गोळीची बाटली स्वयंपाकघरातून हलवून उशाशी ठेवा, शेजारी साध्या पाण्याचं भांडं. ओट्याजवळ बाटली असली की हात आधी चहाच्या पातेल्याकडे जातो, हा स्वानुभव. उठल्याबरोबर गोळी घ्यायची आणि पुढचा अर्धा ते एक तास पाण्याशिवाय काही नाही. चहा-कॉफीही नाही, कॉफीने तर गोळी नीट शोषलीच जात नाही. धण्याचं पाणी, तूप, काढा जे काही असेल ते त्यानंतर.

आता खरी मेख. कॅल्शियम आणि लोह गोळीला आतड्यात अडवतात, म्हणून त्यांच्यात 4 तासांचं अंतर लागतं. हे बहुतेकांना माहीत असतं. पण शंखभस्म, प्रवाळपिष्टी, मौक्तिकपिष्टी, गोदंती म्हणजे कॅल्शियमच आणि मंडूरभस्म, लोहभस्म, पुनर्नवा मंडूर म्हणजे लोह, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. ॲसिडिटीसाठी कुणीतरी प्रवाळयुक्त गोळ्या देतं, त्या सकाळीच घेतल्या जातात आणि दोन महिन्यांनी टीएसएच वाढलेला दिसतो. मग दोष गोळीला. अशी औषधं दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाला घ्या.

इसबगोलही गोळीपासून लांबच ठेवा. काही जणांना डॉक्टर गोळी रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घ्यायला सांगतात. तसं असेल तर झोपताना त्रिफळा घ्यायची सवय बदलावी लागेल आणि वरची भस्मं-पिष्टी दुपारच्याच जेवणाला घ्यावी लागतील.

पायरी 3: वैद्य निवडा, दुकानदार नव्हे

‘हाशिमोटो’ नावाचा व्याधी आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत नाही. सुश्रुताने वर्णन केलेला गलगंड म्हणजे गळ्यावरची सूज आणि ती प्रत्येक हाशिमोटोत दिसतेच असं नाही. म्हणून जाणता वैद्य नावावरून औषध देत नाही, लक्षणांवरून देतो. भूक कशी आहे, जीभ पांढरी दिसते का, पोट रोज साफ होतं का, सकाळी अंग जड वाटतं का, पाळी किती दिवस चालते. उत्तरांवरून अग्निमांद्य (मंदावलेलं पचन), आम (नीट न पचलेल्या अन्नाचा साठा) आणि कफ यांचा हिशेब मांडला जातो. हे सगळं विचारायला अर्धा तास लागतो. पाच मिनिटांत नाडी बघून तीन डबे हातात देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

जाताना सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी न्या. वैद्यांचा नोंदणी क्रमांक बघा आणि औषधांची नावं लिहून मागा. ‘गुप्त योग’ असं उत्तर आलं तर उठा. ‘थायरॉइडची गोळी आजपासून बंद’ म्हणणाऱ्याकडूनही उठा. गलगंड बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या औषधी व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, तरी रस्तोरस्ती फलक दिसतात, तो भाग वेगळा.

पायरी 4: तीन औषधं, नीट समजून

*कांचनार गुग्गुळ.* गळ्याच्या गाठींसाठी सर्वांत जास्त दिलं जाणारं औषध. कांचन म्हणजे आपट्याचा भाऊबंद. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली बरेचदा कांचनाचीच पानं गळ्यात मारतात. औषधात त्याची साल, त्रिफळा, त्रिकटू, वायवर्णा आणि गुग्गुळ असतो. गाठ किंवा सूज असेल तर वैद्य ते विचारपूर्वक देतात, पण थकलेल्या ग्रंथीची हार्मोनची उणीव त्याने भरून निघत नाही. गुग्गुळामुळे काही औषधांचा परिणाम बदलू शकतो, म्हणून रक्त पातळ करणारी किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर आधी सांगा.

*अश्वगंधा.* इथे मी सगळ्यात सावध आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत 50 जण होते. त्यातल्या निम्म्यांना 8 आठवडे रोज 600 मिलिग्रॅम मुळाचा अर्क दिला. त्यांचा टीएसएच उतरला आणि टी-3, टी-4 ही ग्रंथीची हार्मोन वाढली. हे सगळे टीएसएच किंचित वाढलेले लोक होते आणि चाचणी लहान. म्हणजे अश्वगंधा थायरॉइडवर काम करत असावी, आणि भीतीही तीच. गोळीच्या जोडीला घेतली तर हार्मोन जास्त होऊन छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं होऊ शकतं. यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदरपणात नको. ग्रेव्ह्ज म्हणजे उलट, अतिक्रियाशील थायरॉइड असेल तर अजिबात नको. ‘ताणासाठी चांगली असते’ म्हणून किराणा दुकानातून आणू नका.

*रसौषधी.* म्हणजे पारा, धातू, खनिजं वापरून केलेली औषधं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तपासणीत इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशात शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं. परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक नसलेली पुडी घेऊ नका.

पायरी 5: ताट आणि दिवस

कोबी, फ्लॉवर शिजवून खुशाल खा. कच्च्या कोबीचा वाटीवाटी रस पिणं मात्र सोडा. बाजरीत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात, त्यामुळे तिन्ही त्रिकाळ बाजरीच असेल तर मध्ये ज्वारी आणा. संक्रांतीची तीळ लावलेली भाकरी त्यासाठी सोडू नका!

मिठाचा घोळ मोठा आहे. ‘सैंधव चांगलं’ म्हणून कित्येक घरांतून आयोडीनयुक्त मीठ हद्दपार झालंय. साध्या सैंधवात आयोडीन नगण्य असतं आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर ते महागात पडतं. उलट समुद्री शेवाळाच्या, आयोडीनच्या गोळ्या हाशिमोटो बिघडवू शकतात. साधं आयोडीनयुक्त मीठ, बेताने. एवढंच.

रात्रीचं जेवण आठच्या आत, हलकं. दुपारी झोपू नका. या आजारात दुपारी डोळे अक्षरशः मिटतात हे मला माहीत आहे, पण कफ आणि जडपणा दोन्ही त्याच झोपेने वाढतात. अगदीच राहवलं नाही तर बसल्या बसल्या दहा मिनिटं. व्यायाम वाग्भटाने सांगितलेल्या अर्धशक्तीने करा. कपाळाला घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबा. सर्वांगासनाने ग्रंथी ‘जागी’ होते हे ऐकून मान दुखावून घेऊ नका.

पायरी 6: वही ठेवा

एका वेळी एकच बदल करा. माझ्या वहीत असं असतं: ‘गोळी 6:10, चहा 7:05, पोट साफ, दुपारी झोप नाही, पायाला सूज नाही.’ नवीन औषध सुरू केल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच तपासा, त्याआधी आकडा स्थिर होत नाही. त्याच लॅबमध्ये, सकाळी, गोळी घेण्याआधी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर रिपोर्ट खोटा येतो. टीएसएच उतरला तर गोळीचा डोस डॉक्टर कमी करतील, आपण नाही.

धडधड, अंग थरथरणं, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, गिळताना अडकणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, चूर्णाचा डबाही सोबत न्या. पाळी चुकून चाचणी सकारात्मक आली तर सगळी चूर्णं-काढे थांबवा, गोळी चालूच ठेवा आणि लगेच फोन करा, कारण गरोदरपणात गोळीचा डोस बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांतच वाढवावा लागतो.