अतिसंवाहकातील इलेक्ट्रॉनांची जोडी कशी ओळखावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी सेमिनारसाठी हा विषय घेतला आहे, त्यांनी आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी आपल्या गावांत जो द्रव नायट्रोजन येतो, त्यात ७७ केल्विनपर्यंत थंड केलेली वायबीसीओची (इट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडची) वडी चुंबकावर तरंगते. परंतु त्यावरून पदार्थ अतिसंवाहक (विजेला शून्य रोध करणारा) आहे एवढेच ठरते, त्यातील इलेक्ट्रॉनांची जोडी कशी जुळली आहे हे कळत नाही.

बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या १९५७ च्या सिद्धांतात जोडीतील इलेक्ट्रॉनांचे स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) परस्परविरुद्ध असतात, स्फटिकाची कंपने जोडी जुळवतात आणि ऊर्जा-अंतराचे (जोडी मोडायला लागणाऱ्या ऊर्जेशी निगडित राशीचे) चिन्ह सर्व दिशांना एकच असते. समोरच्या पदार्थात यांपैकी नेमके काय वेगळे आहे, हे शोधण्यासाठी अंतराचे शून्यबिंदू (ज्या दिशांना ते मिटते त्या जागा), त्याचे चिन्ह आणि स्पिन हे तीन प्रश्न वेगवेगळे हाताळावेत.

शून्यबिंदूंसाठी अतिशय कमी तापमानातील विशिष्ट उष्मा पाहावी. ती घातांकी रीतीने घटली, तर अंतर कोठेही मिटलेले नाही. तापमानाच्या वर्गासारख्या घाताने घटली, तर ते काही दिशांना मिटलेले आहे. अशुद्धीमुळे हा आलेख बिघडतो, म्हणून नमुन्याची शुद्धता आधी तपासावी.

चिन्हासाठी त्सुई आणि किर्टली यांचा १९९४ चा प्रयोग मुळातून समजून घ्यावा. या विषयात इतका देखणा पुरावा दुसरा नाही. वेगवेगळ्या कोनांत वळलेले तीन स्फटिक जेथे मिळतात, त्या बिंदूभोवती त्यांनी वायबीसीओचे वलय घडवले. वलयाची एक फेरी पूर्ण होताना चिन्ह उलटावे अशी ती रचना असल्यामुळे, जोडी डी-वेव्ह (दिशेनुसार चिन्ह बदलणारी) असेल तर बाह्य क्षेत्र नसतानाही वलयात अर्धा फ्लक्स क्वांटम (वलयात अडकणाऱ्या चुंबकीय फ्लक्सच्या एककाचा अर्धा भाग) आपोआप उमटायला हवा होता, आणि तो उमटला. शेजारच्या, स्फटिकांमधील दोन सांधे ओलांडणाऱ्या किंवा एकही न ओलांडणाऱ्या वलयांत तो नव्हता. ही वलये फळ्यावर अवश्य काढावीत.

स्पिनच्या बाबतीत घाई करू नये. विरुद्ध स्पिनच्या जोडीत नाइट शिफ्ट (अणुकेंद्राच्या चुंबकीय अनुनादात इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे येणारा सरकाव) घटायला हवी; स्ट्रॉन्शियम रुथेनेट या अतिसंवाहकात ती घटत नाही असे १९९८ मध्ये दिसले आणि त्यावरून समांतर स्पिनची जोडी अनेकांनी मान्य केली. २०१९ मध्ये मात्र, मापनाच्या रेडिओ स्पंदांनीच नमुना तापत होता हे लक्षात आल्यावर, ती घट स्पष्ट दिसली. म्हणून युरेनियम डायटेल्युराइडसारख्या अतिसंवाहकाचा शोधनिबंध वाचताना स्पंदाची ऊर्जा आणि क्षेत्राची दिशा या दोन्ही नोंदी आधी शोधाव्यात व निष्कर्षाशेजारीच लिहाव्यात.