गाडी गरम होते? फॅन मोटरपासून मागे मागे तपासा

इंदुरात उन्हाचा पारा बेचाळीसवर गेला की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ आणि ‘फॅन डायरेक्ट करून घ्या’ (म्हणजे सेन्सर आणि रिले वगळून डॅशबोर्डवरच्या स्विचने चालवा). दोन्ही ऐकू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. तो काढला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दोष तसाच राहतो. डायरेक्टचं पुढे सांगतो.

आधी तापमानाचा काटा कुठे चढतो ते बघा. राजवाड्याच्या गर्दीत चढतो आणि बायपासला लागल्यावर उतरतो, तर फॅनवर संशय घ्या. मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाही चढतो, तर रेडिएटर तुंबलाय, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा वॉटर पंप गेलाय. खंडवा रोडच्या भेरूघाटात ट्रकमागे रांगताना चढला, तर दोन्ही शक्य. त्यावरून काही ठरवू नका.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) थंड इंजिनवरच बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर हात भाजणार. कमी असेल तर गळती शोधा आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. बोरिंगचं पाणी नको, त्यातले क्षार नळ्यांत बसतात.

आता फॅन. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन फिरायला लागतो. एकच फॅन असलेल्या गाडीत तो एसीवर फिरतो आणि एसीशिवाय काटा चढला तरी फिरत नाही, तर मोटर ठीक आहे. तापमानाचा सेन्सर आणि त्याचा कनेक्टर बघा. कूलंट कमी असल्यावरही असंच होतं, कारण सेन्सर पाण्याऐवजी वाफेत राहतो आणि खरं तापमान त्याला कळतच नाही.

एसीवरही फिरत नसेल तर बरेच जण थेट नवी मोटर आणतात. घाई नको. इंजिन बंद करा, मोटरचा कनेक्टर काढा आणि बॅटरीवरून दोन जाड वायरींनी तिला १२ व्होल्ट द्या. प्लसच्या वायरीत फ्यूज हवाच. (दोनहून जास्त वायरी किंवा कंट्रोल मॉड्यूल असलेल्या फॅनला हे करू नका.) फिरली नाही किंवा पात्याला हाताने ढकलल्यावरच फिरली, तर मोटरच दोषी, बहुधा तिच्या आतले वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत; मोटर बदला. जोरात फिरली तर दोष मागे आहे: फ्यूज, मग रिले (फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच). त्याच नंबरचा दुसरा रिले बऱ्याच गाड्यांत फ्यूज बॉक्समध्ये असतो, बऱ्याचदा हॉर्नचा. तो अदलून बघा.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे फिरणारा पण सुस्त फॅन. कनेक्टर काढून मीटर लावला की पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि ‘करंट येतोय’ म्हणून वायरिंगला क्लीन चिट मिळते. ही चाचणी निरुपयोगी आहे. फॅन जोडलेला, पूर्ण वेगात फिरत असतानाच मोजा. बॅटरीवर १४ आणि फॅनवर १२ च्या आसपास, तर मधले दोन व्होल्ट कुठेतरी उष्णता बनून जातायत. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं फॅनच्या अर्थ (मायनस) वायरीवर ठेवा: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग गंजलंय. बोल्ट काढून पत्रा घासा, पुन्हा आवळा. अर्थ ठीक असेल तर रिलेचे ३० आणि ८७ नंबरचे पाय आणि सॉकेट बघा. काळा पडलेला किंवा वितळलेला पाय म्हणजे तोच गुन्हेगार. सॉकेट जळलं असताना नुसता रिले बदलला, तर तोही जळतो.

याचसाठी डायरेक्ट नको. दहा-पंधरा अँपिअर डॅशबोर्डच्या हलक्या स्विचमधून गेले की तोच वितळतो, आणि स्विच लावायला विसरलात तर इंजिन गेलं.

मोटर बदलली असेल तर फॅन चालू असताना पुढच्या जाळीवर कागद धरा. तो आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला गेला तर वायरी उलट्या जोडल्यात.

फॅन दणकून फिरतोय, कूलंट भरलेलं आहे, तरी काटा चढतो, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येतात आणि कूलंट कमी होत जातं? मग हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या, आणि तोवर गाडी चालवू नका.