गॅसबत्तीसाठी मेंटल आणि तेल: काय घ्यावं, कसं वापरावं

माळ्यावरची जुनी पितळी गॅसबत्ती खाली काढली की लगेच रॉकेल भरून पंप मारावासा वाटतो. त्याआधी ओल्या फडक्याने टाकी पुसा आणि तिच्यावरचा ठसा वाचा. पेट्रोमॅक्स पद्धतीच्या बत्त्यांवर 200, 350 किंवा 500 असा आकडा आणि त्यापुढे सी.पी., म्हणजे कँडल पॉवर, असं कोरलेलं असतं. मेंटल, म्हणजे बर्नरवर बांधायची, तापून उजेड देणारी जाळीदार कापडी पिशवी, कोणतं घ्यायचं ते या आकड्यावरून ठरतं. तेल कोणतं घालायचं ते बत्तीच्या जातीवरून ठरतं. या दोन्हींत चूक झाली तर बाकी दुरुस्ती कितीही चोख असो, बत्ती नीट जळणार नाही.

आधी तेल

वरातीत डोक्यावरून मिरवल्या जाणाऱ्या किंवा कोकणात रात्री खेकडे पकडायला नेल्या जाणाऱ्या बत्त्या रॉकेलवर चालतात. त्यांत पेट्रोल कधीही घालू नका, चमचाभरसुद्धा नाही. बत्ती पेटवताना टाकीच्या जेमतेम वीतभर वर उघडी ज्योत असते आणि जळताना टाकी कोमट होते. रॉकेलची वाफ साधारण 38 अंशांखाली पेट घेत नाही. पेट्रोलची वाफ मात्र कडाक्याच्या थंडीतही पेटते. डिझेलही नको. ते पूर्ण वाफ होत नाही, त्यामुळे बर्नरच्या नळीत काजळी साठते आणि नळी बंद पडते.

उलट चूकही होते. अमेरिकेत राहणाऱ्या कुणी कोलमन कंपनीचा जुना 220 किंवा 228 कंदील घेतला असेल, तर तो नॅफ्थ्यावर, म्हणजे तिथे व्हाइट गॅस नावाने मिळणाऱ्या इंधनावर चालतो. त्यात रॉकेल घातलं तर नुसता धूर आणि पिवळी ज्योत मिळते.

रॉकेल निळं आहे की पांढरं, याची लोक फार काळजी करतात. निळा रंग रेशनचं तेल ओळखू यावं म्हणून घातलेला असतो. माझ्या मते रंगापेक्षा तेल किती स्वच्छ आहे ते महत्त्वाचं. काचेच्या बाटलीत तेल रात्रभर स्थिर ठेवा. पाणी किंवा गाळ असेल तर सकाळी तळाशी दिसतो. वरचं तेल नरसाळ्यात दुहेरी सुती कापड घालून गाळून घ्या. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर ते वापरू नका. टाकी तीन-चतुर्थांशच भरा, कारण हवा दाबायला वर जागा लागते. 500 सी.पी.ची बत्ती एका लिटरमध्ये साधारण 8 तास चालते.

मेंटल

कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने 1891 मध्ये बाजारात आणलेल्या मेंटलमध्ये सुमारे 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सिरियम ऑक्साइड होतं. तो एक टक्का काढला तर प्रकाश अगदीच फिका पडतो. थोरियम किंचित किरणोत्सर्गी असतं. म्हणून मेंटल मोकळ्या हवेत जाळा, राखेची धूळ श्वासात जाऊ देऊ नका, नंतर हात धुवा आणि मुलांना लांब ठेवा. थोरियमऐवजी इट्रियम या धातूची बिनकिरणोत्सर्गी मेंटलंही मिळतात. त्यांचा उजेड थोडा कमी वाटतो, पण घरात लहान मुलं असतील तर मी तीच घेईन.

मेंटल बत्तीच्या सी.पी.शी जुळणारंच घ्या. मोठं घेतलं तर ते पूर्ण फुगत नाही, वरचा भाग उजळतो आणि खालचा काळपट राहतो. लहान घेतलं तर ज्योत त्याच्या बाहेर येते आणि ते फाटतं. पाकिटात दमटपणा लागलेलं मेंटल घेऊ नका.

मेंटल चिनी मातीच्या बर्नरच्या खाचेत बसवून दोरी दुहेरी गाठीने आवळा. चुण्या चारी बाजूंना सारख्या पसरवा आणि दोरीची टोकं कापून टाका. लोंबणारं टोक जळताना कापडाला छिद्र पाडतं.

पेटवणं

टाकीतली हवा सोडणारा स्क्रू उघडा ठेवा. तेल सोडण्या-थांबवण्याच्या चाकावर बाण असेल तर तो वर करा. बर्नरच्या नळीभोवतीची छोटी वाटी काठोकाठ स्पिरिटने भरून पेटवा. त्या ज्योतीतच नवं मेंटल जळतं. ते आधी काळं पडतं, मग एक लालसर रेघ कापडावरून सरकत जाते आणि मागे पांढरी जाळी उरते. यानंतर मेंटल म्हणजे फक्त राख असते, त्याला बोट लावायचं नाही. वारा असेल किंवा थंडी असेल तर वाटी विझून गार झाल्यावरच पुन्हा भरा. जळत्या वाटीत स्पिरिट ओतू नका.

स्पिरिट संपत आलं की स्क्रू घट्ट बंद करा, थोडा पंप मारा आणि बाण खाली फिरवा. मेंटल फुगून उजळलं की दाबमापकाच्या तांबड्या खुणेपर्यंत सावकाश पंप मारा. नळी पुरेशी तापली नसेल तर न वाफाळलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पिवळा भडका उठतो. अशा वेळी पंप मारू नका, हवेचा स्क्रू उघडा.

पंप मारताना दांडा सहज खाली जातो पण दाब चढत नाही, असं झालं तर चामड्याचा वायसर सुकलेला असतो. तो काढून रात्रभर तेलात बुडवून ठेवा. उजेड धापा टाकल्यासारखा कमी-जास्त होत असेल तर दाब कमी आहे, तेलात पाणी आहे किंवा नळी अर्धवट तुंबली आहे.

मेंटलला भोक दिसलं तर बत्ती तशीच चालवू नका. तिथून निघणारी ज्योत नेमकी काचेवर आदळते आणि काच तडकते. बत्ती विझवायची तर हवेचा स्क्रू उघडून दाब सोडा, आणि ती पूर्ण गार झाल्यावरच उचला. दुसऱ्या गावी न्यायची असेल तर जुनं मेंटल काढून टाका आणि दोन नवी सोबत घ्या. गाडीच्या पहिल्याच खड्ड्यात राख गळून पडते.