परदेशी शाखेत बदली होतेय? नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या सहकाऱ्यांसाठी तयारीची यादी

पासपोर्ट, बारावीची गुणपत्रिका, पदवी आणि लग्नाचा दाखला हे चार कागद आज रात्री जेवण झाल्यावर टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि त्यांवरचं स्वतःचं नाव अक्षर न् अक्षर लावून वाचा. कंपनीचं पत्र, वकिलाची नेमणूक, पगाराचा आकडा हे सगळं नंतर. बदलीच्या फायली सांभाळताना मी पाहिलंय की कंपनीचे कागद महिनाभरात तयार होतात. अडतं ते घरच्या कागदांपाशी.

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा. वडिलांचं नाव कुणाच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून असतं, कुणाच्या नसतं. त्यातून विदर्भातली आडनावं. वानखेडे, वासनिक, वैद्य हे कुणाच्या कागदावर व्हीने, कुणाच्या डब्ल्यूने, आणि कधी एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन तऱ्हेने. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं आधार नव्या नावाने आणि पासपोर्ट जुन्या नावाने असतो. आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापून येतं आणि पुढे बँकेपासून लायसन्सपर्यंत तेच मागे लागतं. यातलं जे दुरुस्त करायचं ते कंपनीने अर्ज भरण्याआधी करा, कारण अर्जात पासपोर्टवरचंच नाव जातं. आमच्याकडच्या एका सहकारी ताईंचा पासपोर्ट अर्ज मंजूर झाल्यावर बदलला गेला. पुन्हा खुलाशाची पत्रं, पुन्हा वाट. तोवर मुलाच्या शाळेचं सत्र सुरू झालं होतं.

पदवीच्या बाबतीत एक खास नागपुरी गोष्ट. १९२३ सालचं नागपूर विद्यापीठ २००५पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखलं जातं, आणि व्हीआरसीई हे इथलं अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ साली व्हीएनआयटी झालं. जुन्या पदवीवर जुनंच नाव राहणार, त्यात चूक काहीच नाही. पण परदेशात तपासणाऱ्याला ते नाव आजच्या यादीत सापडत नाही. संस्थेचं नाव कधी बदललं याचा एक ओळीचा खुलासा फाइलमध्ये आधीच लावून ठेवा. काही देश पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, मागतात. त्यासाठी आधी राज्य सरकारची साक्षांकनाची पायरी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची, म्हणून मूळ पदवी हाताशी हवी. पदवी अजून विद्यापीठातून उचललीच नसेल तर हेच काम पहिलं.

आता दिवस मोजा. अमेरिकेच्या एल-१साठी, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसासाठी, मागच्या ३ वर्षांत सलग १ वर्ष समूहाच्या परदेशातल्या कंपनीत, म्हणजे आपल्यासाठी इथे भारतात, नोकरी झालेली लागते. मधल्या काळात अमेरिकेत कामासाठी घालवलेले दिवस त्या वर्षात धरत नाहीत, त्यामुळे पासपोर्टवरचे शिक्के बघून ते वजा करा. युरोपीय संघात २०१४च्या निर्देशानुसार अशा बदलीचं स्वतंत्र कार्ड आहे, त्याला आयसीटी कार्ड म्हणतात. जर्मनीच्या आयसीटी कार्डासाठी बदलीआधी सलग ६ महिन्यांची नोकरी लागते आणि व्यवस्थापक वा तज्ज्ञाला जास्तीत जास्त ३ वर्षं मिळतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२पासून जुन्या बदली-व्हिसाच्या जागी ग्लोबल बिझनेस मोबिलिटी आलं. त्यावर काढलेला काळ तिथे कायम राहण्यासाठी धरला जात नाही, हे घरात आधीच बोलून घ्या. जपानलाही १ वर्षाची नोकरी लागते. पुराव्यासाठी नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा ठेवाच, पण माझा सर्वात जास्त भरवसा पीएफच्या पासबुकावर आहे. त्यात महिना आणि नेमकी कंपनी दोन्ही दिसतात. मिहानमध्ये बरेच जण आधी कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर असतात आणि मग कंपनीत घेतले जातात. त्यांनी कंत्राटदाराकडचे महिने हिशोबात धरू नयेत.

दोन कंपन्यांचं नातं दाखवणारे भागभांडवलाचे कागद ही एचआरची जबाबदारी. लहान कंपनी अमेरिकेत नवीन कचेरी उघडून माणूस पाठवत असेल तर पहिली मंजुरी एकाच वर्षाची मिळते, आणि जागेचा भाडेकरारही दाखवावा लागतो.

आणि हे मनापासून सांगते: तुमच्या नावाने गेलेलं कामाचं वर्णन स्वतः वाचा. एल-१ए व्यवस्थापकांसाठी, एल-१बी कंपनीचं खास ज्ञान असलेल्यांसाठी. वकिलाने लिहिलेली ती चार पानं मुलाखतीच्या आदल्या रात्री पहिल्यांदा उघडणारे मी पाहिलेत. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने “तुमच्याशिवाय हे काम तिथलं कुणी का करू शकत नाही?” असं विचारलं, तर आपण रोज बसून बांधलेल्या प्रणालीबद्दल साध्या शब्दांत, दोन मिनिटांत बोलता आलं पाहिजे. घरी आईला समजेल असं सांगून बघा. वर्णनात तुमच्या हाताखाली ८ माणसं लिहिली असतील आणि प्रत्यक्षात ३ असतील, तर सही करू नका, दुरुस्ती मागा. त्या कागदाचं उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

घरच्यांसाठी लग्नाची नोंद महापालिकेच्या झोन कार्यालयात झालेली आहे ना ते बघा. मंगल कार्यालयाची पावती आणि पत्रिका म्हणजे दाखला नव्हे. बाळाच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा राहिला असेल तर नाव घालून घ्या. जोडीदाराला तिथे नोकरी करता येईल का, हे इथून निघायच्या आधीच विचारा. अमेरिकेत एल-२वरच्या (एल-१वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) जोडीदाराला नोव्हेंबर २०२१पासून वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं, जर्मनीत आणि ब्रिटनमध्येही येतं, जपानमध्ये परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच. इथली बँकेची किंवा शाळेतली नोकरी सोडून निघणाऱ्या बाईला हे विमानात कळू नये. ब्रिटनला ६ महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर क्षयरोगाची तपासणी त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातूनच करावी लागते. आपल्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही.

पैशांचं थोडक्यात. जर्मनी, जपान अशा सामाजिक सुरक्षेचा करार असलेल्या देशात जाताना ईपीएफओकडून, म्हणजे पीएफच्या कार्यालयाकडून, कव्हरेजचं (इथे पीएफ भरला जात असल्याचं) प्रमाणपत्र प्रवासाआधीच घ्या, म्हणजे तिथे दुसरी वर्गणी कापली जात नाही. अमेरिकेशी असा करार नाही. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथलं खातं, करायला बँकेला कळवा.

मुलाखतीची तारीख मुंबईची मिळाली तर अमेरिकेचे बोटांचे ठसे आणि मुलाखत हे वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी असतं, म्हणून दोन रात्रींची सोय करा. दुरांतोने सकाळी उतरून त्याच सकाळची वेळ गाठायचा बेत नको. आदल्या दिवशी पोचा. वाणिज्य दूतावासात फोन आणि मोठी बॅग आत नेता येत नाही, तेव्हा बांद्र्याला सोबत कुणीतरी असावं, नाहीतर सामान खोलीवरच ठेवा. मूळ कागद एका साध्या फोल्डरमध्ये, वर मंजुरीचं पत्र आणि डीएस-१६०चं (व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाचं) पुष्टीपत्र, आणि सगळ्याच्या झेरॉक्सचा एक संच नागपूरला आई-बाबांजवळ, कोणता कागद कुठे आहे हे त्यांना दाखवून.