गंजलेल्या एमजीबीचा सिल बदलता बदलता वेल्डिंग कसे शिकावे

एमजीबी ही इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या, म्हणूनच आजही जुनी एमजीबी परवडणाऱ्या किमतीत मिळते आणि तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा नवा विकत घेता येतो. गाडी जोडण्याची हौस असलेल्या, पण हातात कधी वेल्डिंगची गन न धरलेल्या माणसासाठी याहून चांगली गाडी मला माहीत नाही. मात्र एक गोष्ट आधीच समजून घेतली पाहिजे. या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र लोखंडी सांगाडा, नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार उचलतो, आणि उघड्या गाडीला छताचाही आधार नसल्यामुळे त्यातला मोठा वाटा दारांखालून जाणारे दोन लांब पोकळ सिल पेलतात. नेमके तेच सर्वांत आधी गंजतात. म्हणजे इथे घातलेला प्रत्येक टाका गाडी सरळ ठेवण्यासाठी आणि अपघातात आतल्या माणसाला वाचवण्यासाठी असतो. बर्मिंगहॅमजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये १९७१ची एमजीबी उभी करून मी हे काम शिकलो. त्या अनुभवातून जो क्रम मला योग्य वाटतो, तो इथे मांडतो.

सुरुवात गंज शोधण्यापासून करावी. बाहेरून दिसणारा फुगा हा आतल्या रोगाचा शेवटचा टप्पा असतो. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल साचतो, तो ओलावा धरून ठेवतो आणि तिथून सिलचे पुढचे टोक आणि दाराच्या बिजागऱ्यांच्या खांबाचा पाया कुजत जातो. जाड पेचकस घेऊन सिलच्या खालच्या कडेवर, जॅक लावण्याच्या जागेभोवती आणि फ्लोअरच्या कडेने ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद आवाज करतो आणि कधी पेचकस सरळ आत जातो. लोहचुंबक चिकटत नसेल तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. माझ्या गाडीत कोणीतरी जुना सिल न काढता त्यावरच नवा पत्रा चढवून रंग दिला होता. वरून तो नवा दिसत होता. कापल्यावर मात्र आतला उभा पडदा मुठीत चुरगळेल इतका गेलेला निघाला. हा सिल एका पत्र्याचा नसतो. बाहेरचा सिल, मधला उभा पडदा, आतला सिल आणि त्यांना खालून जोडणारी पट्टी असे त्याचे थर असतात. त्यांतला एखादा कुजका ठेवून बाहेरचा नवा लावला, तर सगळी मेहनत वाया जाते.

यंत्र मिगच घ्यावे, म्हणजे ज्याच्या गनमधून तार आपोआप पुढे येते आणि सोबत सुटणारा गॅस वितळलेल्या जोडाला हवेपासून झाकतो ते. महाराष्ट्रात गेट आणि ग्रिल बनवणाऱ्या दुकानांत आपण जे होल्डर आणि रॉडचे वेल्डिंग पाहत मोठे झालो, ते जाड अँगलसाठी उत्तम आहे. गाडीचा पत्रा मात्र साधारण एक मिलिमीटरचा असतो आणि रॉडने त्याला क्षणात भोक पडते. आपल्याकडच्या जुन्या गॅरेजांत गॅसवर पितळ ओतून पत्रे जोडण्याची कलाही मोठी आहे, पण भार पेलणाऱ्या सिलला पितळेचा जोड चालत नाही. मिगमध्ये ०.६ मिलिमीटरची तार आणि अर्गॉनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस वापरावा. शुद्ध कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, परंतु त्याने ठिणग्या जास्त उडतात आणि पातळ पत्र्यावर उष्णता आवरणे अवघड जाते. गॅसचा प्रवाह मिनिटाला ८ ते १० लिटर ठेवावा आणि गॅरेजचे दार अशा बेताने उघडावे की धूर बाहेर जाईल, पण वारा थेट जोडावर येणार नाही, कारण वाऱ्याने गॅसचे आवरण उडून गेले की जोड स्पंजसारखा सच्छिद्र होतो.

यानंतरचे किमान चार-पाच दिवस गाडीला हात लावू नये. जुन्या दाराचा किंवा बॉनेटचा टाकाऊ पत्रा मिळवून त्याच्या पट्ट्या कापाव्यात, कारण नव्या जाड लोखंडावर केलेला सराव गाडीवर उपयोगी पडत नाही. प्रवाह ४० ते ५० अँपिअरच्या आसपास ठेवून तारेची गती हळूहळू बदलत जावी आणि कानाने ऐकावे. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा चरचराट आला, की गती जमली. तार गनला मागे ढकलू लागली तर गती जास्त आहे. तारेच्या टोकाला गोळा होऊन ती टीपला चिकटत असेल तर गती कमी आहे. नजर झगमगत्या ज्योतीवर न ठेवता तिच्या कडेच्या वितळलेल्या थेंबावर ठेवायला शिकणे हा या विद्येतला खरा वळणबिंदू आहे. मला तो थेंब स्पष्ट दिसायला तिसरा दिवस उजाडला आणि त्यानंतर हात आपोआप स्थिरावला.

सरावाचे तुकडे केवळ पाहून समाधान मानू नये, ते तोडून पाहावेत. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून वरच्या पट्टीला ६ ते ८ मिलिमीटरचे भोक पाडावे, खालच्या पत्र्याच्या मध्यावर ज्योत पेटवावी आणि गोल फिरत भोकाच्या कडेपर्यंत भरत आणावे. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे दाबून विजेने एकेका ठिपक्यावर घातलेले जोड, होते, तिथे आपल्याला हाच जोड घालायचा आहे. थंड झाल्यावर एक पट्टी व्हाइसमध्ये धरून दुसरी पक्कडीने उलटी सोलावी. जोड पक्का असेल तर तो खालच्या पत्र्याचा तुकडा फाडून सोबत घेऊन येतो. बटणासारखा अलगद सुटून आला, तर धातू नुसता वर बसला होता, आत शिरला नव्हता. वरून गुळगुळीत दिसणारे असे कितीतरी टाके माझ्या हातात सुटून आले, आणि सलग दहा जोड पत्रा फाडून निघेपर्यंत मी गाडीकडे गेलो नाही. ही परीक्षा कोणीही गाळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गाडीवर काम सुरू करण्याआधी बॅटरी काढावी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवाव्यात. १९७१च्या गाडीत आसनांच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि पेट्रोलचा पंपही त्याच भागात असतो, म्हणून पंप, पेट्रोलची नळी आणि डिकीखालची टाकी हे सारे उतरवून गॅरेजबाहेर ठेवावे. कार्पेट, आसने आणि फ्लोअरवरचे डांबरी थर खरवडून काढावेत. आग लगेच लागत नाही, ती धुमसत राहते. एकदा फ्लोअरची कड जोडून मी जेवायला गेलो आणि चाळीस मिनिटांनी परत आलो, तेव्हा पलीकडच्या बाजूला राहून गेलेला थर धूर सोडत होता. तेव्हापासून शेवटच्या टाक्यानंतर एक तास मी गॅरेज सोडत नाही, आणि पाण्याची बादली व अग्निशामक हाताशी असल्याशिवाय गन उचलत नाही. आपोआप काळे होणारे हेल्मेट, चामडी हातमोजे आणि जाड सुती कपडे आवश्यकच आहेत, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापला की त्याच्या धुराने ताप भरतो, म्हणून जोडाच्या जागचा मुलामा आधी घासून काढावा आणि योग्य मास्क लावावा. सर्वांत गंभीर धोका मात्र क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचा आहे. त्याने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. डब्यावरील घटक वाचल्याशिवाय कोणताही क्लीनर वापरू नये.

पहिला खरा जोड सिलवर घालू नये. फ्लोअरच्या कडेचे एखादे तळहाताएवढे ठिगळ घ्यावे, तिथे चूक झाली तरी कापून पुन्हा करता येते. गंज कापताना जिथे पत्र्याची पूर्ण जाडी लागते तिथपर्यंत मागे जावे. कुजक्या कडेला जोडू पाहिले की भोक पडते, ते भरताना आणखी मोठे होते आणि शिकणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो, पण मूळ दोष अपुऱ्या कापणीचा असतो. दोन्ही बाजूंनी पांढरेशुभ्र लोखंड दिसेपर्यंत घासावे आणि ठिगळ कानशीने असे बसवावे की भोवती मिलिमीटरभर फट राहील. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत टाके घालावेत, नंतर मध्ये, आणि पुढचा टाका नेहमी आधीच्या तापलेल्या जागेपासून दूर. एका दमात सलग शिवण मारली तर पत्रा ओढला जातो आणि मध्ये फुगतो. हात लावता येईल इतका पत्रा निवू द्यावा, मगच पुढे जावे.

आता सिल. कापण्याआधी गाडी सस्पेन्शनच्या जागांवर, चारही बाजूंनी समपातळीत घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उभी करावी, कुजक्या जॅकच्या जागांवर कदापि नाही. दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी चौकोनी नळीचा आधार वेल्ड किंवा बोल्ट करून घ्यावा आणि दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. एका वेळी एकच बाजू उघडावी. दोन्ही सिल एकदम कापले तर गाडी मध्येच वाकते आणि त्या स्थितीत नवा सिल जोडला की दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. जुने स्पॉट वेल्ड ८ मिलिमीटरच्या खास ड्रिलने फक्त वरच्या थरातून कापावेत. पुढचे मडगार्ड बोल्टवर असते, ते काढावेच, कारण सिल त्याच्या आतपर्यंत जातो. तिथे आखूड कापून काम उरकणे म्हणजे गंजाचे मूळ तसेच ठेवणे आहे.

नवे थर क्लॅम्प लावून जागेवर धरावेत, दार लावून फटी पुन्हा मोजाव्यात आणि सर्व जुळल्यावरच टाके घालावेत. आतला सिल आणि पडदा आधी, बाहेरचा शेवटी. एकमेकांवर बसणाऱ्या कडांना वेल्डिंग चालणारा जस्ताचा प्रायमर पातळ लावावा आणि भोकांमधून तो पुसून काढावा. मूळ जोड जितक्या अंतरावर होते तितक्याच अंतरावर नवे घालावेत. ब्रिटनमधील एमओटी या गाड्यांच्या वार्षिक सुरक्षा तपासणीत भार पेलणाऱ्या भागावरचे ठिगळ सलग शिवणीने जोडलेले असावे लागते. स्पॉट किंवा भोकातला जोड मूळ पत्रा तसा बसवलेला असेल तिथेच मान्य होतो. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाड्यांना या तपासणीतून सूट आहे, तरीही मी माझी गाडी स्वेच्छेने तपासून घेतली, कारण स्वतःचा जोड स्वतःच पारखण्याला मर्यादा असते.

सांधे सीलरने बंद करावेत, रंग पूर्ण वाळू द्यावा आणि त्यानंतर लांब नळीने सिलच्या पोकळीत मेण फवारावे. ते जोडांच्या फटींतून ठिबकू लागले की आतपर्यंत पोचले असे समजावे. तळाशी पाणी निघण्याची छिद्रे असतात, ती मेण घट्ट झाल्यावर तार घालून मोकळी करावीत. पहिल्या मोठ्या पावसानंतर गाडीखाली वाकून त्या छिद्रांतून पाणी निथळते का ते पाहावे आणि कोरडे दिसले तर तार पुन्हा एकदा फिरवावी.