दुसऱ्याच्या फोटोंवर चालणारं वेब ॲप: या चुका टाळा

"काल चालत होतं, आज एकही फोटो दिसत नाही, आणि कोडला तर कुणी हातही लावलेला नाही." फ्लिकर, गूगल फोटोज, इन्स्टाग्राम किंवा अनस्प्लॅशवरून फोटो घेणाऱ्या ॲपबद्दलची ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा उत्तर कोडमध्ये सापडतं खरं, पण जिथे आपण शोधतो तिथे नाही. फोटो, त्याची लिंक, तो बघण्याची परवानगी, यातलं काहीच आपल्या मालकीचं नसतं, आणि कोड मात्र ते सगळं आपलंच असल्यासारखा लिहिलेला असतो.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे चित्राची लिंक डेटाबेसमध्ये साठवणं. गूगल फोटोजचा एपीआय (दुसऱ्या ॲपला माहिती मागता यावी म्हणून सेवेनं ठेवलेलं दार) देतो ती बेस यूआरएल, म्हणजे चित्राची मूळ लिंक, 60 मिनिटांत मरते. इन्स्टाग्रामच्या लिंकलाही मुदत असते. डेमो दाखवताना लिंक ताजी असते, म्हणून सगळं झकास दिसतं. दुसऱ्या दिवशी पानभर तुटक्या चौकटी. डेटाबेसमध्ये फोटोचा आयडी ठेवा आणि लिंक लागेल तेव्हा मागून घ्या. कॅश करायचीच असेल, म्हणजे तात्पुरती जवळ ठेवायचीच असेल, तर मुदत संपायच्या बरीच आधी ती कॅश उडाली पाहिजे. गूगल फोटोजच्या बाबतीत 50 मिनिटं ठीक. त्या बेस यूआरएलच्या शेवटी रुंदी-उंचीचे आकडेही जोडावे लागतात. ती आहे तशीच इमेज टॅगमध्ये टाकू नका.

आयडी ठेवायचा तोही मजकूर म्हणून, आकडा म्हणून नाही. फ्लिकरचे हल्लीचे आयडी 11 अंकी असतात, आणि डेटाबेसमधला साधा 32 बिटांचा रकाना 2147483647 च्या पुढे जात नाही. इन्स्टाग्रामचे त्याहून लांब. जावास्क्रिप्टमध्ये 17900000000000001 हा आकडा नंबर म्हणून वाचला, की शेवटचा 1 गळून 0 होतो, कारण 9007199254740991 च्या पुढे तिथे अचूकतेची खात्री नाही. मग "फोटो सापडला नाही" असा एरर येतो आणि माणूस बसतो परवानग्या तपासत.

मर्यादा कुठे संपते?

फ्लिकर एका कीला (एपीआय वापरायला ॲपला मिळालेली ओळख) तासाला 3600 कॉलच्या, म्हणजे विनंत्यांच्या, आत राहायला सांगतं. लक्षात घ्या, ही मर्यादा कीला आहे, प्रत्येक वापरकर्त्याला वेगळी नाही. आकडा मोठा वाटतो. पण समजा तुम्ही सर्चमधून 100 फोटोंची यादी घेतलीत आणि मग प्रत्येक फोटोचे आकार विचारायला एकेक वेगळा कॉल केलात. म्हणजे एका सर्चमागे 101 कॉल. तासाभरात 36 वा माणूस आला की कोटा संपला. त्याच सर्च कॉलमध्ये 'एक्स्ट्राज' नावाचा पॅरामीटर आहे. आकारांच्या लिंका, मालकाचं नाव, लायसन्स, सगळं त्यात एकदाच मागता येतं. 101 चा 1 होतो. अनस्प्लॅशच्या डेमो कीला तर तासाला फक्त 50 कॉल मिळतात, तिथे अशी उधळपट्टी पहिल्याच पाहुण्याबरोबर उघडी पडते.

आकाराची लिंक स्वतः जुळवायची असेल तर जपून. प्रत्येक फोटोचा प्रत्येक आकार उपलब्ध असतोच असं नाही, आणि मूळ प्रतीचा 'सीक्रेट' (लिंकमध्ये येणारा कोड) इतर आकारांपेक्षा वेगळा असतो.

दुसरी खोच म्हणजे फ्लिकर एका सर्चचे पहिले 4000 निकालच देतं. एकूण संख्या लाखात दाखवली तरी त्यापुढे पान उलटत राहण्यात अर्थ नाही. अपलोडच्या तारखांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा 4000 च्या आत बसवा. तुकडे पाडताना अपलोडचीच वेळ घ्या. फोटो काढल्याची वेळ टाइमझोनशिवाय येते, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर तीही भरवशाची नाही.

एरर आलाय, पण दिसत नाही

एचटीटीपी 200, म्हणजे 'सगळं ठीक' असं सांगणारं सर्व्हरचं स्टेटस, आलं म्हणजे काम झालं असं समजू नका. फ्लिकर चुकीची की असली तरी 200 च देतं; 'फेल' हा शब्द आतल्या उत्तरात लिहिलेला असतो. फक्त स्टेटस बघणारा कोड तिथून मुकाट्याने पुढे जातो आणि रिकामं पान दाखवतो. जेसन (एपीआयचं उत्तर ज्या स्वरूपात येतं ते) पार्स होत नसेल, म्हणजे कोडला वाचता येत नसेल, तर आधी कच्चं उत्तर डोळ्यांनी बघा. फ्लिकर ते मुळात एका फंक्शन कॉलमध्ये गुंडाळून पाठवतं. 'नोजेसनकॉलबॅक' ला 1 दिलं की सुटं मिळतं.

सही जुळत नाही, हा प्रकार जास्त छळतो, कारण तो कधीतरीच होतो. फ्लिकर अजून ओऑथ 1.0ए ही परवानगी तपासायची पद्धत वापरतं, आणि तीत विनंतीच्या मजकुरातून काढलेली सही जोडावी लागते. फोटोचं शीर्षक साधं असेल तर अपडेट होतं. शीर्षकात उद्गारचिन्ह, कंस किंवा अपॉस्ट्रॉफी आली की सही अवैध. जावास्क्रिप्टचं नेहमीचं एन्कोडिंग फंक्शन ! ' ( ) * ही पाच चिन्हं तशीच सोडतं, आणि ओऑथला ती बदललेली हवी असतात. स्पेसचं + झालं तरी तेच. तिथे %20 हवं. ही सही हातानं लिहायच्या भानगडीत न पडता वापरून पारखलेली तयार कोड लायब्ररी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत.

आता ज्या चुकीची खरंच भीती वाटावी ती: खासगी फोटो सामाईक कॅशमध्ये जाणं. कॅशची की, म्हणजे तिथे शोधायचं नाव, फक्त "अल्बम, पान 1" अशी असेल, तर लॉगिन केलेल्या एकाचे खासगी फोटो पुढच्या अनोळखी माणसाला दिसतात. एकटा डेव्हलपर चाचणी करतो तेव्हा हे कधीच उघड होत नाही. दोन खाती, दोन ब्राउझर घेऊन बघा. टोकन (वापरकर्त्यानं दिलेल्या परवानगीचा पुरावा) लागलेलं प्रत्येक उत्तर वापरकर्त्याच्या आयडीखालीच ठेवा, आणि मधल्या सीडीएनलाही (प्रती साठवून पुढे देणाऱ्या सर्व्हरनाही) तसं सांगा. एपीआयचं सीक्रेट, म्हणजे ॲपचा गुप्त पासवर्ड, ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये नको, हे वेगळं सांगायला नको. शीर्षक, टॅग आणि वर्णन हे सगळं परक्या माणसानं टाइप केलेलं असतं. ते थेट एचटीएमएलमध्ये ओतू नका.

सार्वजनिक दिसतो म्हणून फोटो वापरायला मोकळा होत नाही. फ्लिकरच्या सर्चमध्ये लायसन्सचा फिल्टर आहे, आणि 0 म्हणजे सर्व हक्क राखीव. शिवाय प्रत्येक सेवेचे नियम वेगळे. फ्लिकरला एका पानावर 30 पेक्षा जास्त फोटो नकोत आणि प्रत्येकाचा दुवा मूळ पानाकडे हवा. अनस्प्लॅशला चित्र त्यांच्याच सर्व्हरवरून दाखवलेलं हवं. एकाचा कोड उचलून दुसऱ्याला चिकटवला की कुठला तरी नियम मोडतोच.

शेवटी, सेवाच बंद होते तेव्हा. 500पीएक्सचा एपीआय 2018 मध्ये बंद झाला, पिकासा वेब अल्बम्सचा 2019 मध्ये. इन्स्टाग्रामचा बेसिक डिस्प्ले एपीआय 4 डिसेंबर 2024 ला गेला. 31 मार्च 2025 पासून गूगल फोटोजमध्ये ॲपला वापरकर्त्याची अख्खी लायब्ररी वाचता येत नाही. ॲपनं स्वतः चढवलेले फोटो, किंवा वापरकर्त्यानं पिकरमधून निवडून दिलेले, एवढेच मिळतात. त्यानंतर जुन्या ॲपमध्ये 403 ('परवानगी नाही' हा एरर) दिसला तर टोकन पुन्हा पुन्हा बनवण्यात वेळ घालवू नका, स्कोप, म्हणजे ॲपला कशाकशाची परवानगी आहे ते, बघा. सेवेशी बोलणारा कोड एका फाइलमध्ये कोंडून ठेवा, म्हणजे बदलायची वेळ आली तर टेम्प्लेटं उसवावी लागणार नाहीत. इन्स्टाग्रामचं लांब मुदतीचं टोकन 60 दिवस टिकतं. ते आधीच ताजं करणारं काम शेड्युलरला लावा, आणि ते काम फसलं तर ईमेल येईल अशी सोय त्याच दिवशी करून टाका.